रिव्हायवल

हडपसरच्या त्या पंपांच्या कारखान्याला टाळं लागून पावसाळा उलटला होता. आतलं एकही यंत्र बाहेर जाऊ द्यायचं नाही म्हणून कामगार गेटसमोर मांडव टाकून बसले होते. थोरले मालक आप्पासाहेब गेल्यापासून सगळा कारभार त्यांच्या मुलाच्या, दिग्विजयच्या, हातात होता. एका सकाळी तो स्वतःच मांडवात आला, बूट काढून सतरंजीवर बसला आणि निम्मं इंग्रजीत, निम्मं मराठीत बोलला. बोलण्यात एक शब्द सारखा येत होता.

"कंपनीचं रिव्हायवल करायचंय. उद्या ट्रक येतील. तेवढं गेट उघडा."

तो गेला आणि सगळे वैजनाथकडे वळले. वैजनाथ उदगीरकडचा. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला, पण नोकरी मिळाली ती ड्रिलिंग मशीनवर. इंग्रजी येतं म्हणूनच त्याला युनियनचा सेक्रेटरी केलं होतं.

"रिव्हायवल म्हणजे मेलेल्यात जीव येणं. पुनरुज्जीवन," तो म्हणाला.

"आता याचं मराठी कोण करणार?" भट्टीवरचा यज्ञेश्वर म्हणाला.

"अहो, कारखाना पुन्हा सुरू होणार!"

मांडवात एकच आरोळी उठली. लेथवर काम करणाऱ्या मैनुद्दीनने वैजनाथला मिठीच मारली. दोघं एकाच दिवशी कामाला लागलेले. "शहजादीला सांगतो, वर्दी धुऊन ठेव," असं म्हणत तो घरी बायकोकडे सायकलवर टांग टाकून गेलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी गेटची साखळी वैजनाथने स्वतः सोडली. ट्रक रिकामे आले, तेव्हाही कुणाला शंका आली नाही. मग केबिनमधून दांडगे लोक उतरले. कुणाकडे घण होते, कुणाकडे गॅस कटर. थोड्या वेळाने शेडमधून घणाचा पहिला आवाज आला आणि बिडाचा तुकडा तुटून फरशीवर पडल्याचं बाहेरपर्यंत ऐकू आलं.

"लेथ फोडताहेत!" मैनुद्दीन ओरडला आणि आत धावला. मागोमाग सगळे.

शेडमध्ये मैनुद्दीनने आपल्या लेथला अक्षरशः कवटाळलं. "आधी माझ्यावर घाल," तो घणवाल्याला म्हणाला. घणवाला थबकला, पण मागच्या माणसाने सळई उचलली आणि मैनुद्दीनच्या उजव्या हातावर घातली. कोपराखालचं हाड मोडलं. तो किंचाळला तरी लेथ सोडेना, तेव्हा सळई पुन्हा बसली, त्याच हातावर, मग पाठीच्या कण्यावर. कामगारांनी पाने उचलले, पाइप उचलले. एका दांडग्याचं डोकं फुटलं. कुणाचा तरी जबडा वैजनाथच्या डोळ्यांदेखत वाकडा झाला. फरशीवर ऑइल होतं, त्यात रक्त मिसळलं आणि माणसं त्यावर घसरून पडत होती, पडलेल्यांना तुडवलं जात होतं.

दिग्विजय ऑफिसच्या जिन्यावर उभा होता. वैजनाथने जाऊन त्याची कॉलर धरली.

"रिव्हायवल म्हणाला होतात ना?"

"कंपनीचं म्हणालो," दिग्विजय धापा टाकत म्हणाला. "कारखान्याचं कधी म्हणालो? जागा आयटीवाल्यांना जाणार, त्यातून कंपनी जगणार. तुम्हीच नाही का सेक्रेटरी? शब्द तरी नीट ऐकायचा!"

वैजनाथने त्याला तोंडावर ठोसा मारला. दिग्विजय खाली बसला तरी तो मारतच राहिला, हाताला दात लागून कातडी सोलली तरी. त्यात त्याला सुख वाटत होतं आणि तेच त्याला सगळ्यात भयंकर वाटलं. अखेर पोलिसांची लाठी मानेवर बसली, तेव्हा तो बाजूला झाला.

लाठीमारात सगळे रस्त्यावर ढकलले गेले. तिथे यज्ञेश्वर उभा होता, कपाळातून रक्त गळत होतं.

"जीव येणार होता ना रे? गेट कुणी उघडलं?"

विटेचा पहिला फटका यज्ञेश्वरचा. पुढचे कुणाकुणाचे होते ते वैजनाथला कळलं नाही. ज्यांच्याबरोबर एका डब्यात जेवला होता, त्यांच्याच लाथा बरगड्यांत बसत होत्या. पोलिसांनीच त्याला त्यांच्या तावडीतून ओढून काढलं आणि गाडीत कोंबलं.

जामिनावर सुटल्यावर तो मैनुद्दीनच्या घरी गेला. दार शहजादीने उघडलं. तिने त्याला ओळखलं आणि त्याच्या थोबाडीत मारली. मग पुन्हा मारली. सुजलेला डावा डोळा अजून उघडत नव्हता, म्हणून दुसरी त्याला दिसलीच नाही. आतून मैनुद्दीनचा आवाज आला, "कोण आलंय?"

"ज्याने गेट उघडलं तो," ती म्हणाली.

कण्यावरच्या माराने मैनुद्दीनचे दोन्ही पाय लुळे पडले होते. उजवा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"भाभी, मी जातो," वैजनाथ म्हणाला.

"कुठे जाताय?" शहजादीने पदराने डोळे पुसले. "यांना अंघोळ घालायचीय. मला एकटीला उचलत नाहीत."

वैजनाथने चपला काढल्या. मैनुद्दीनच्या काखेत हात घालून त्याने त्याला उचललं तेव्हा स्वतःच्या मोडक्या बरगडीतून अशी कळ गेली की तो ओठ चावून उभा राहिला. मैनुद्दीन त्याच्या तोंडाकडे पाहत होता.

"हळू," तो म्हणाला. "पाठीला धक्का लागतोय."