कुलपाबाहेरच्या दोन ओळी

“क्लबचा मेंबर नसलेला माणूस बर्फातून खाली गेला, तर दोरी फेकायच्या आधी त्याचा सदस्य क्रमांक विचारायचा का?”

विचारला! शाळेच्या जेवणघरात, बेचाळीस माणसांसमोर, उभं राहून, खणखणीत आवाजात विचारला. यूनी आणि मिर्यम या माझ्या मैत्रिणींनी पैज लावली होती की वार्षिक सभेत हे विचारायची माझी छाती होणार नाही. विचारलं तर मला दोन सेमला. आणि फेब्रुवारीतल्या सेमलासाठी, त्या क्रीमनं फुटायला आलेल्या बनसाठी, मी काय वाट्टेल ते करते. गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरी देतानासुद्धा लाल व्हायचे. आता सोळा पूर्ण झाली. आता बाकीच्यांनी लाल व्हावं.

झाला तो आमचा बाबाच. तूर्ब्यॉर्न, स्केटिंग क्लबचा अध्यक्ष, हातात लाकडी हातोडा. शेजारी आई, आनेली, क्लबची सचिव, इतिवृत्त लिहीत होती. तिचं पेन थांबलं.

“हा प्रश्न आहे की टोमणा, सिग्ने?” बाबानं विचारलं.

“दोन्ही,” मी म्हणाले. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

कशाबद्दल होतं हे, ते सांगते. आमच्या क्लबची वेबसाइट मी सांभाळते. तिच्यावर रोज सकाळी लाँगशॉन तळ्याच्या बर्फाची खबर येते. फोल्के नावाचे चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ पहाटे उठून तळ्यावर जातात, ठिकठिकाणी भोकं पाडून जाडी मोजतात आणि आठ वाजेपर्यंत लिहून पाठवतात. पूर्वी ती खबर कुणीही वाचायचं. मग मागच्या हिवाळ्यात शहरातून गाड्याच्या गाड्या यायला लागल्या. पाण्यात पडलं तर बर्फात रोवून वर यायचे टोचे गळ्यात नाहीत, पाठीवर कोरडे कपडे नाहीत, आणि हातात परवाची खबर! फोल्के वैतागले. समितीनं ठरवलं, खबर फक्त सदस्यांना. पण लोकांना चटक लागून त्यांनी सदस्य व्हावं म्हणून पहिल्या दोन ओळी सगळ्यांना दिसू द्यायच्या.

ते कुलूप मी बसवलं. एका शनिवारात, एकटीनं! समितीनं टाळ्या वाजवल्या, मी तीन दिवस जमिनीवर नव्हते.

पण फोल्के लिहितात कसं? आधी गोड, मग कडू. पुढं काय व्हायचं ते झालं. जानेवारीत यूनीनं फोनवर वाचलं, “दक्षिण बाजू, नऊ सेंटिमीटर काळा बर्फ, काचेसारखा. चर्चपासून पुलापर्यंत स्वर्ग.” खाली माझं सुंदर निळं बटण, “पुढे वाचण्यासाठी सदस्य व्हा.” ती सदस्य झाली नाही. स्केट घालून पुलापर्यंत गेली. पुलापाशी पोचली आणि गेली पाण्यात. मासे धरत बसलेल्या एका बाईनं पोटावर सरपटत येऊन दोरी फेकली, म्हणून आज मला पैज लावायला यूनी आहे.

जेवणघरात फोल्के उठून उभे राहिले. त्यांच्याकडे बघून माझा जोर जरा कमी झाला, खोटं कशाला सांगू.

“तीस वर्षं,” ते म्हणाले, “तीस वर्षं मी तिथं भोकं पाडतोय. माझ्या गुडघ्यांना विचार. आणि तू म्हणतेस, मी माणसं बुडवतो?”

“तुम्ही नाही हो!”

“मग कोण?”

तेवढ्यात दार उघडलं. यूनी! हातात हा एवढा प्रिन्सेस केक, हिरवागार. मागे मिर्यम, दार पायानं धरून. दोघी इतका वेळ बाहेर कान लावून उभ्या होत्या, सभा फक्त सदस्यांची म्हणून.

“माफ करा, मी मेंबर नाहीये,” यूनी म्हणाली. “पण तुमच्यात जो पाण्यात पडतो तो पुढच्या सभेला केक आणतो ना? मी पडलेय. हा घ्या.”

आमच्या क्लबमध्ये हा रिवाज कुणी मोडत नाही. पडणारा केक आणतो, कुठं पडला ते सगळ्यांना सांगतो, आणि टाळ्या मिळवतो. कुठं पडला हे सांगणं महत्त्वाचं, केक फक्त लाज जावी म्हणून. पण मेंबर नसलेल्या माणसानं केक आणला तर काय करायचं, हे कुठल्याच नियमात नव्हतं. बाबानं आईकडे पाहिलं. आईनं छताकडे.

“कुठं पडलीस?” फोल्केंनीच विचारलं.

“पुलाखाली.”

“अगं, मी लिहिलं होतं की! खाली प्रवाह आहे, बर्फ पातळ, शंभर मीटर आधीच वळा. अगदी स्पष्ट लिहिलं होतं!”

“कितव्या ओळीत?”

फोल्के बोटांवर मोजायला लागले आणि मध्येच थांबले.

“तिसऱ्या,” ते म्हणाले.

“मला दोनच दिसल्या,” यूनी म्हणाली.

मी अजून उभीच होते. आता खाली बसले तर जन्मभर बसूनच राहीन, असं वाटलं.

“त्या दोन ओळी मी ठेवल्या,” मी म्हणाले. “समितीनं सांगितलं, मी ठेवल्या, आणि पुढं काय लिहिलंय ते एकदाही वाचलं नाही. स्वर्ग बाहेर टांगला आणि प्रवाह कुलपात घातला. मेंबर नसलेल्यांना काहीच दिसलं नसतं तर यूनी घरी बसली असती. सगळं दिसलं असतं तर वळली असती. आपण नेमकं अर्धं दाखवलं. ते आज बदला.”

“आज नाही बदलता येणार,” बाबा म्हणाला. आवाज मऊ होता, पण अध्यक्षाचाच. “आपण ‘इतर प्रश्न’ या विषयावर आहोत. त्यात काहीही विचारता येतं, ठरवता काहीच येत नाही. प्रस्ताव दोन आठवडे आधी द्यायचा असतो. समिती एप्रिलमध्ये बसेल तेव्हा घेऊ.”

“एप्रिलमध्ये?” मिर्यम दारातून ओरडली. “एप्रिलमध्ये तळ्यावर बदकं असतात!”

बाबानं हातोडा आपटला. आईनं लिहिलं, “प्रश्नाची नोंद घेतली.” केक मात्र सगळ्यांनी खाल्ला. फोल्केंनी दोनदा घेतला, आणि यूनीशेजारी बसून पुलाखालचा प्रवाह चमच्यानं बशीत काढून दाखवला.

घरी मी आल्या आल्या माझ्या खोलीत गेले. वीस मिनिटांचं काम होतं. मग खाली आले. बाबा बूट काढून स्वयंपाकघरात बसला होता, आई वाटाण्याचं सूप गरम करत होती.

“सगळ्यांसमोर असं करतात?” बाबा म्हणाला. “मला आधी सांगायचंस.”

“जानेवारीत सांगितलं. तू म्हणालास, बघू.”

“सिग्ने, सगळं उघडं टाकलं तर पुन्हा गाड्यांची रांग लागेल. शिळी खबर वाचून माणसं जातील. फोल्के भोकं पाडायचं बंद करतील, मग कुणालाच काही कळणार नाही. हे मी उगाच म्हणत नाहीये.”

“माहितेय. तू बरोबर आहेस.”

हे ऐकून तो जरा गोंधळला. आईनं सूप ढवळणारा डाव थांबवला.

“ही काहीतरी करून आलीय,” ती म्हणाली. “चेहरा बघ तिचा.”

“केलंय,” मी म्हणाले. “ऐका दोघं. सगळं उघडं नाही टाकलं मी. उलटं केलंय. कुठं जायचं, किती छान आहे, स्वर्ग कुठवर, ते सगळं सदस्यांसाठी, कुलपात. कुठं जायचं नाही, ते सगळ्यांना, सर्वांत वर, लाल अक्षरांत, तारीख आणि वेळेसकट. फोल्केंना केक खातानाच विचारलं. ते म्हणाले, उद्यापासून कडू आधी लिहितो.”

“समितीला न विचारता?” बाबा उठून उभा राहिला.

“न विचारता. एप्रिलपर्यंत थांबणार नाहीये मी. पासवर्ड तुझ्या मेलवर पाठवलाय. पूर्वीसारखं हवं असेल तर तू स्वतः बस आणि स्वतःच्या हातानं ती तिसरी ओळ झाक. मी झाकणार नाही. आणि क्लबही सोडणार नाही, वाट बघू नका. शनिवारी फोल्केंबरोबर भोकं पाडायला जातेय, यूनीला घेऊन. मला काढायचं असेल तर दोन आठवडे आधी प्रस्ताव द्या.”