डाव्या काचेवरचे फोटो

मित्रांनो, शाळेच्या डब्याएवढा दिसतो म्हणून मला खेळणे समजू नका. मी फोटो छापणारा प्रिंटर आहे आणि आता चांगलाच जुना झालो आहे. सध्या माझा मुक्काम एका ट्रकच्या केबिनमध्ये, पुढच्या काचेखालच्या फळीवर आहे. गाडी उभी आहे आणि माझ्या पोटातून एक कागद सरकतो आहे. आम्हा छोट्या प्रिंटरांत कागद चार फेऱ्या मारतो. आधी पिवळा रंग, मग लाल, मग निळा आणि शेवटी वरून एक चकचकीत थर. आत्ता कुठे पिवळी फेरी सुरू झाली आहे. फोटो पुरा होण्याआधी मला माझी गोष्ट सांगायची आहे, कारण तो पुरा झाल्यावर काय होईल याची मला धास्ती वाटते.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. एका बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून माझा पहिला फोटो उजेडात धरला, ‘छान’ म्हणाल्या आणि मला खोक्यात घातले. त्या एका शब्दावर मी पुढे कितीतरी दिवस फुगून बसलो होतो.

दुकानात माझ्या शेजारी एक मोठा प्रिंटर असे. त्याचा तोरा काही विचारू नका. एके दिवशी एक ट्रक ड्रायव्हर आपल्या मुलीला घेऊन आले. मुलीचे पाय एका जागी ठरत नव्हते, म्हणून घरचे तिला भिंगरी म्हणत.

“घरी ठेवायचा असेल तर हा मोठा घ्या,” दुकानदार म्हणाला. “फोटो मोठे निघतात. पण शाईचा आहे, नुसता पडून राहिला तर शाई वाळते. फिरतीवर न्यायचा असेल तर हा छोटा बरा. सांडलवंड नाही, बॅटरीवर चालतो, मोबाईलवरून थेट फोटो.”

भिंगरीने मोठ्यावर हात ठेवला. “बाबा, हाच घेऊ या. तू घरी आलास की आपण दोघं मिळून फोटो काढू.”

“मी घरी असतो तरी किती गं?” बाबा म्हणाले. “त्याची शाई वाळून जाईल. हा छोटा घेऊ. तू पाठवशील तो फोटो मी गाडीतच छापीन. म्हणजे तू सारखी माझ्यासमोर.”

भिंगरीचा चेहरा उतरला, पण ती हो म्हणाली. दुकानदाराने खूश होऊन मागून चिकटणाऱ्या कागदांचे एक पाकीट वर दिले. “कुठेही लावा, निघायचं नाव घेणार नाही,” तो म्हणाला. सगळे हसले. मला मात्र ते बोलणे का कोण जाणे खुपले.

केबिनमध्ये आम्ही तिघे होतो. उजवीकडे स्टिअरिंगवर बाबा, मध्ये फळीवर मी आणि डाव्या खिडकीशी क्लीनर. क्लीनर वयाने बाबांपेक्षा बरेच मोठे होते. डाव्या बाजूला काय आहे ते ड्रायव्हरला नीट दिसत नाही, म्हणून ते खिडकीतून अर्धे बाहेर वाकत आणि दारावर हाताने थाप मारत. दोन थापा म्हणजे चल. एक थाप म्हणजे आहेस तिथे थांब. भिंगरी त्यांना थापकाका म्हणे. माणूस इतका सरळ, की दारावर सोडून त्यांनी कुठेच थापा मारल्या नाहीत.

गाडी घराच्या गल्लीत आली की भिंगरी डाव्या दाराकडे धावे. थापकाका तिला वर उचलून घेत. त्यांनी तिला थापांची भाषाही शिकवली होती. गाडी उभी असताना ती खाली राहून दारावर एक थाप मारी आणि बाबा लटकेच घाबरून ब्रेकवर पाय देत. तिला त्यात भारी गंमत वाटे.

माझे पहिले दिवस फार सुखाचे गेले. पुढचा दात पडलेली भिंगरी, मांडीवर मांजर घेतलेली भिंगरी, आईची साडी गुंडाळलेली भिंगरी. फोटो निघाला की बाबा त्याच्यावर फुंकर घालत आणि मला म्हणत, “शाब्बास रे माझ्या वाघा!” मग मागचा कागद सोलून फोटो काचेवर लावत. पहिला त्यांनी डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात लावला. उजवीकडून रस्ता बघायचा असतो आणि डावीकडची काळजी थापकाकांची, असा त्यांचा हिशेब होता.

एका फोटोने काही बिघडले नाही, पण मग त्याच्या शेजारी दुसरा आला आणि त्याच्या वर तिसरा. मित्रांनो, माझ्या डोळ्यांदेखत बाहेरचा रस्ता अरुंद होत गेला. आधी कडेची झाडे दिसेनाशी झाली, मग मैलाचे दगड. मग सायकलवाले अचानक कुठून तरी उगवू लागले, आणि बाबा त्यांनाच शिव्या घालू लागले.

“अरे, ही काच आहे की आल्बम?” थापकाका एकदा म्हणाले.

“तुमचे डोळे आहेत की बाहेर.”

“आहेत तोवर आहेत,” थापकाका म्हणाले आणि पुन्हा खिडकीतून वाकले.

आणखी फोटो निघू नयेत असे मला वाटले. मी रुसून पाहिले. कागद अडकवला, दिवा लाल केला. बाबांनी गाडी कडेला घेतली, मऊ फडक्याने माझे रूळ पुसले आणि मला पुन्हा कामाला लावले. इतक्या मायेने पुसल्यावर अडून तरी किती बसणार?

थापकाकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ऑपरेशनसाठी ते उतरले तेव्हा दार धरून म्हणाले, “मी येईपर्यंत त्या बाजूचे फोटो काढून ठेव. माझं ऐक.”

“काढतो की,” बाबा म्हणाले. त्यांना काढायचेच होते, पण फोटोचा कोपरा नखाने उचलला की भिंगरीचा गाल फाटू लागे. बाबांचा हात मागे येई. त्यात शेजारची सीट रिकामी. बोलायला कोणी नाही. त्यांनी उलट आणखी फोटो छापले आणि डाव्या खिडकीची काच वर करून तिच्यावर लावले. खिडकीपलीकडचा आरसाही झाकला गेला. आता मान वळवली की तिकडे फक्त भिंगरी दिसे, हसणारी आणि अजिबात न हलणारी.

त्या दुपारी आम्ही लांबच्या खेपेवरून परतलो. गल्लीच्या तोंडाशी बाबांनी हॉर्न दिला आणि गाडी डावीकडे वळवली. एका बाजूला घरांची भिंत, दुसऱ्या बाजूला आमची गाडी. वळताना मागचे चाक भिंतीकडे सरकत जाते, हे थापकाकांना पाठ होते. भिंगरीला ते कुठून माहीत असणार? ती हॉर्न ऐकून नेहमीसारखी डाव्या दाराकडे धावली होती. थापकाका नाहीत हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

रिकाम्या सीटच्या दारावर खालून एक थाप पडली.

बाबांच्या पायाने त्यांना न विचारता ब्रेक दाबला. मी फळीवरून खाली आपटलो. बाबा उतरून पलीकडे धावले. भिंगरी भिंतीला चिकटून उभी होती, हात अजून वर उचललेला. धावताना तिची एक चप्पल मागच्या चाकाखाली गेली होती. पाय तिने कसाबसा ओढून घेतला होता.

“मला दिसलीच नाहीस गं,” बाबा तिला पोटाशी धरून म्हणत राहिले. “कुठेच दिसली नाहीस.”

आई घरातून धावत आली. लेकीला चाचपून पाहिले आणि मग केबिनमध्ये चढली. तिने एकेका काचेवरून नजर फिरवली.

“अहो, दिसेल कशी?” ती म्हणाली. “सगळीकडे तीच तर आहे.”

बाबांनी त्याच दिवशी सगळे फोटो खरवडून काढले. एकही धड निघाला नाही. मला ते ठेवणार होते, म्हणाले, “त्याचा काय दोष?” आई म्हणाली, “दोष नाही. पण मला तो नजरेसमोर नको.” मला वाईट वाटले, पण तिचा राग आला नाही.

मी पुन्हा त्याच दुकानात, जुन्या वस्तूंच्या फळीवर येऊन बसलो. धूळ खाल्ली. मग परवा एक तरुण ड्रायव्हर आला. त्याला नुकतेच बाळ झाले आहे. “फिरतीला ह्याच्यासारखा दुसरा नाही,” दुकानदार म्हणाला आणि वर चिकट कागदांचे पाकीट दिले.

तर मित्रांनो, आम्हाला जपा असे मी म्हणणार नाही. फोटो जरूर काढा. उशाशी ठेवा, पाकिटात ठेवा, निवांत बसून पाहा. पण जिथून बाहेर बघायचे असते तिथे लावू नका.

चौथी फेरी झाली. फोटो बाहेर आला आहे, दुपट्यात गुंडाळलेले इवलेसे तोंड. तरुण ड्रायव्हर त्याच्यावर फुंकर घालतो आहे. त्याच्या डावीकडची सीट रिकामी आहे. त्याने मागचा कागद सोलला आहे आणि आता तो काचेवर जागा शोधतो आहे. मित्रांनो, मला ना आवाज आहे, ना हात. तुमच्यापैकी कोणी जवळपास असेल, तर त्या दारावर एक थाप मारा.