मोहर बारचा वाटा

मोहर नावाचा चॉकलेटचा बार बंद झाला ते पंच्याण्णव साल. पेणचा होलसेलवाला म्हणाला, "मावशी, पोरांना आता टीव्हीवरची चॉकलेटं लागतात, कंपनीनं हा माल बंद केला." लागतात म्हणे, डोंबल त्यांचं. धरमतरच्या खाडीवर माझं दुकान, लग्न होऊन आले तेव्हापासून मी मोहर विकत होते. तांबडा कागद, आत खारे शेंगदाणे नि गुळाची चिकट टॉफी, वर चॉकलेटचा पातळ थर. दाताला असा धरून बसायचा की मिठागरातली माणसं एका बारावर अर्धा दिवस काढायची.

खाडीचं पाणी अडवणाऱ्या आमच्या बांधाच्या राखणदार देवालाही तोच लागायचा. एका वर्षी नारळ मिळाला नाय म्हणून सासऱ्यांनी मोहर ठेवला, नि त्या उधाणाला बांधाची ढेपदेखील हलली नाय. मग दर अमावस्येला मोहरच.

दुकानातला माल संपला तसा माझा नवरा पोपट रोह्याला गेला, पार अष्टमी गावापर्यंत दुकानं पालथी घातली. एकच बार मिळाला. आणि या बाबानं एसटीत अर्धा खाल्ला. "ऱ्हावलं नाय गो," म्हणाला. उरलेला कागदात गुंडाळून बांधावर ठेवूनही आला. मी कपाळावर हात मारला. आमच्यात राखणदाराला उष्टं ठेवत नाय. ज्याचं उष्टं खाल्लं त्याच्या घरचा तो होतो, मग ताटात वाटा मागतो.

त्याच सांजेला भरती चढली. पोपट बांध बघायला गेला नि लगेच परतला. न बोलता पाटावर बसला. मी भात नि बोंबलाचं कालवण वाढलं. तेवढ्यात बांधावरून पोपटाचीच हाक आली, "ठमे, बांध खचतोय, माणसं आण!"

पाटावरचा मान वर न करता म्हणाला, "जाऊ नको गो. मी हितं हाय."

चुकले तर माझा माणूस खाडीत जाणार होता. पण माझा पोपट कालवणाला नावं ठेवल्याशिवाय घास गिळत नाय, आणि हा मुकाट जेवत होता. मी शेजारपाजार उठवत धावले.

पोपट कंबरभर पाण्यात, भगदाडाला पाठ लावून उभा होता. सगळ्यांनी माती लोटली, बांध राहिला. त्याला मिठी मारून मी रडले. घरी आलो तर पाट रिकामा, ताटात काटाही नाय.

आता पोपट जेवायला आला की दारातच थांबतो. "माझं जेवण झालं काय गो?" विचारतो. मी नाय म्हणाले की हात धुतो.

परवा एक पोपट आधीच मुकाट जेवून गेला होता, मला व्हय म्हणावं लागलं. तो उपाशीच पडवीत निजला.