अठरा हो, तीन नाही

जबलपूरच्या ओमती भागातल्या एका खासगी शाळेत विनता इतिहास शिकवायची. सोमवारी तिनं आठवीला झेंडा सत्याग्रह शिकवला. पुस्तकात तो जेमतेम दोन ओळींचा. पण एकोणीसशे तेवीसमध्ये त्याची सुरुवात आपल्याच जबलपुरात, टाऊन हॉलवर झेंडा चढवण्यातून झाली, हे मुलांना ठाऊकच नव्हतं. "इतने से झंडे के लिए जेल?" कुणीतरी विचारलं, आणि घंटा झाली तरी विनता सांगतच राहिली.

गुरुवारी मधली सुट्टी संपली. मुलगे वर्गात गेले, आठवीच्या एकवीस मुली मात्र ऑफिससमोरच्या व्हरांड्यात मांडी घालून बसल्या. घोषणा नाहीत, गोंगाट नाही. हातात एक अर्ज तेवढा. नळ बिघडला म्हणून मुलींच्या संडासाला दिवाळीपासून कुलूप आहे, तो दुरुस्त करून उघडा.

प्राचार्यांनी विनताला आत बोलावलं.

"मॅडम, ये आपका सिखाया हुआ है?"

"मैंने तो पाठ पढ़ाया, सर."

"शुरू किसने किया, कल सुबह तक नाम लिखकर दीजिए. अप्रैल में आपका कॉन्ट्रैक्ट भी देखना है."

ती बाहेर आली. सगळ्यांत पुढे बसलेली प्रणाली तिच्याशी मराठीत बोलायची. विनतानं वाकून हळूच विचारलं, "तू सुरू केलं का गं?"

"नाही, मॅडम. आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. अठरा हो, तीन नाही. नाहीवाल्या पण बसून राहिल्या न." मग खाली बघत म्हणाली, "दिवसभर पाणीच नाही पीत आम्ही."

स्टाफच्या संडासाची किल्ली विनताच्या पर्समध्ये होती, आणि दिवाळीपासून ती रोज त्या कुलपासमोरूनच ये-जा करत होती.

संध्याकाळी भाजी करपली. वाळलेले कपडे घडी करायला घेतले, तसेच पलंगावर राहिले. नवरा, योगेंद्र, म्हणाला, "एक नाव देऊन टाक ना. पोरीला रागावतील दोन दिवस. तू काहून जीव जाळून राहिली?" ती गच्चीवर गेली, लगेच खाली आली, परत गेली.

सकाळी तिनं प्राचार्यांपुढे कागद ठेवला. नाव एकच होतं, तिचं स्वतःचं. खाली लिहिलं होतं: कुलूप मी दिवाळीपासून पाहते आहे. तक्रार मी करायला हवी होती, केली नाही. मुलींचा अर्ज खरा आहे.

प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं. "आप जाइए," एवढंच म्हणाले.

शनिवारी प्लंबर आला. सोमवारी कुलूप निघालं, आणि त्याच दिवशी नवं वेळापत्रक लागलं. आठवीचा इतिहास दुसऱ्या बाईंकडे गेला, विनताकडे तिसरीचा वर्ग आला. एप्रिलचं कुणी काही बोललं नाही. तिनंही विचारलं नाही.

जिन्यात आठवीतली हर्षा थांबली होती.

"मॅडम, मी नाही म्हणून चिठ्ठी टाकली होती. मला वाटलं, तुमची नोकरी जाईल."

"अच्छा."

"पण तुम्हाला तर माहीत होतं न कुलपाचं. मग आधी काहून नाही बोलल्या?"

विनतानं कठडा धरला. "भीती वाटत होती."

"आता?"

"आता पण वाटते."

हर्षाचं एवढ्यानं समाधान झालं की नाही, कळलं नाही. घंटा झाली तशी ती वर पळाली. विनता तिसरीच्या वर्गाकडे वळली.