न झालेल्या सामन्याची कळशी

मी एक जुनी तांब्याची कळशी आहे. युरोपातल्या देशांच्या बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धेत आमचा बल्गेरियाचा संघ बेचाळीस विरुद्ध एक्केचाळीस असा एका गुणाने हरला, आणि तो माझ्यामुळे हरला. मित्रांनो, हे वाक्य वाचून झाले असेल तर कृपया विसरून जा. असा सामना झालाच नाही. त्या दिवशी सोफियात खेळाडूंना विश्रांती होती. वर्तमानपत्रात तसे छापून आले आहे, आणि मी पडले भांडे. वर्तमानपत्राशी मी काय वाद घालणार?

तेव्हा जे खरोखर झाले, तिथून सुरुवात करते.

माझा जन्म डोंगरातल्या एका गावी तांबटाच्या दुकानात झाला. त्याने मला अंदाजे नऊशे वेळा हातोडा मारला. पुढे गिऱ्हाइकांना तो सांगत असे, "हिला मी फार प्रेमाने घडवलीय." तेव्हापासून प्रेम या शब्दाबद्दल मी जरा सावध असते. मग मला आतून कल्हई झाली आणि मी चांदीसारखी चमकू लागले. जो तो माझ्यात डोकावून "वा, काय सुंदर!" म्हणे. ते स्वतःचेच तोंड पाहत होते, पण मी त्यांना तसे कधी जाणवू दिले नाही.

वेलिकाच्या लग्नासाठी मला विकत घेतले. आमच्याकडे नवी नवरी सासरच्या उंबऱ्यावरचे भरलेले भांडे पायाने लवंडते. वेलिका अंगाने किरकोळ, पण लाथेत जोर. मी उडाले ती थेट सासऱ्याच्या नडगीवर. मला एक पोचा आला, सासऱ्यालाही आला. "सून कामाची आहे," असे म्हणून म्हातारा तीन आठवडे झोपून राहिला.

माझे खरे काम मात्र वेगळे होते. घरातले माणूस महत्त्वाच्या कामाला निघाले की त्याच्या पायांपुढे पाणी ओतायचे आणि म्हणायचे, "पाण्यासारखं सरळ होवो!" त्याने त्या ओल्यावर पाय देऊन पुढे जायचे, मागे बघायचे नाही. मित्रांनो, या कामात मी फार नाव कमावले. वेलिकाचा नवरा लाझार, त्याचा धाकटा भाऊ युद्धावर निघाला तेव्हा मला ओतले. तो पाण्यासारखा गेला. गेलेले पाणी परत येत नसते, हे कोणाच्या लक्षात आले नाही. मुलगा स्पास गणिताच्या परीक्षेला निघाला, तेव्हाही मला ओतले. पेपर इतका सरळ गेला की स्पासने त्यावर काही लिहिले नाही. तरीही प्रत्येक वेळी लोक म्हणत, "पाणी ओतलं म्हणून एवढ्यावर निभावलं."

लाझार न्हावी होता. दुकानात नेत्याची तसबीर लावणे सक्तीचे होते, म्हणून ती होती. एकदा तपासनीस आला आणि म्हणाला, "कॉम्रेड लाझार, तसबीर वाकडी लागलीय."

लाझारचा वस्तरा एका गिऱ्हाइकाच्या गालावर होता. तो मान न वळवता म्हणाला, "तसबीर सरळच आहे हो. मिशीची एक बाजू जड झालीय. खाली उतरवून द्या, दोन मिनिटांत सारखी करतो."

गिऱ्हाईक हसले. गिऱ्हाइकाला दोन वर्षांची कैद झाली. लाझारला मुदत सांगितलीच नाही.

त्याला न्यायला सकाळी दोघे जण आले. "पाचच मिनिटं लागतील. दोन प्रश्न विचारायचेत," असे ते म्हणाले. वेलिकाने मला ओट्यावरून उचलले आणि धावत जाऊन जिन्यावर, तिघांच्या पायांपुढे, सगळी रिकामी केली. "पाण्यासारखं सरळ होवो!"

त्यांतल्या मोठ्याने टोपी काढली. "आभारी आहोत, मावशी. देव तुमचं भलं करो." मग देव रद्द झाल्याचे आठवून त्याने टोपी पुन्हा घातली. आणि काम खरोखरच पाण्यासारखे सरळ झाले. त्यांचे. पाणी हे असे आहे, मित्रांनो. ज्याचा पाय त्यावर पडेल त्याचे काम करते. आधी बघून ओतावे लागते.

लाझारला डॅन्यूबकाठच्या दलदलीत लव्हाळे कापायला ठेवले. चार वर्षे तो गुडघाभर पाण्यात उभा होता. महिन्याला एक पत्र, पत्रात दोन वाक्ये, एवढी परवानगी होती. शेवटच्या पत्रात लिहिले होते, "वेलिके, मी बरा आहे. लोकरीचे मोजे पाठव, आणि जमल्यास एखादे फुप्फुस." दुसरे वाक्य वरच्यांनी खोडले होते, पण उन्हात धरले की वाचता येत होते. वेलिकाने मोजे विणले. तिथून सुटून आलेल्या एका माणसाने तिला स्पष्टच सांगितले, "मावशी, हा हिवाळा तो काढत नाही. त्याला थंडीआधी बाहेर काढा."

आता स्पासविषयी. तो दोन मीटर आणि वर तीन बोटे वाढला होता. एके दिवशी तो ट्रामच्या टपावर उडालेली कोणाची तरी टोपी रस्त्यावर उभ्या उभ्या काढून देत होता, तेव्हा खेळ समितीच्या कॉम्रेड दोइचिनोवने त्याला पाहिले. बापाची चूक फाइलमध्ये होती, पण उंची डोळ्यांसमोर होती. स्पासला राष्ट्रीय संघात घेतले. गणित कच्चे असूनही दोन-दोन गुण मिळवायला त्याला काही अडचण आली नाही.

स्पर्धा सोफियातच भरली. मोठ्या सामन्याच्या दोन दिवस आधी दोइचिनोव स्पासला घेऊन घरी आला, स्वयंपाकघरात बसला आणि भाजलेल्या मिरच्यांची अख्खी बशी संपवली.

"बाई, मिरच्या फर्स्ट क्लास," तो म्हणाला. "आता ऐका. गुरुवारचा सामना जिंकायचा. जिंकला, की रविवारी लाझार इथे, या खुर्चीवर, जेवायला. मी शब्द देतो."

"आणि हरलो तर?" स्पासने विचारले.

"हरलात तर खुर्ची आहेच की." तो हसला. मग त्याने आणखी मिरच्या आहेत का, असे विचारले.

त्यानंतर संघाला हॉटेलात कोंडून ठेवले. म्हणजे सामन्याला निघताना स्पास घराच्या उंबऱ्यावरून जाणार नव्हता. त्या दोन रात्री वेलिका झोपली नाही. गुरुवारी तिने मला चिंचेने घासले नाही, कारण आमच्याकडे चिंच नसते. व्हिनेगर आणि मिठाने घासले. माझ्यात आमच्याकडे शुभ मानतात त्या रानजिरेनियमची डहाळी ठेवली, मला शालीखाली घेतले आणि स्टेडियम गाठले.

सामना उघड्यावर होता, मातीवर लाकडी फळ्या अंथरून. खेळाडू बाहेर येतात त्या बोळाच्या तोंडाशी गेनो नावाचा पहारेकरी उभा होता.

"ओ मावशी! इकडे कुठे? आणि पोटाशी काय आहे? बॉम्ब?"

"कळशी आहे. माझा पोरगा खेळतोय."

गेनोने इकडे तिकडे पाहिले. "नळ तिकडे आहे," तो हळूच म्हणाला. "आणि ओतायचं तर पूर्ण ओता, अर्धी नको. थोडं माझ्या मुलीच्या नावानंही ओता, तिची उद्या शिवणकामाची परीक्षा आहे."

वेलिकाने मला काठोकाठ भरले. बोळातून बुटांचा आवाज आला तसे तिने डोळे मिटले आणि सगळे पाणी फळ्यांवर ओतले. "पाण्यासारखं सरळ होवो!"

डोळे उघडले, तर समोरून पाहुणा संघ जात होता. पाहुण्यांना आधी सोडण्याचा नियम आहे. बाराही जण एकामागून एक माझ्या पाण्यात पाय देऊन गेले. एकाने तर वाकून तिला नमस्कारही केला. आमचे लोक आले तोवर फळ्या जूनच्या उन्हात वाळल्या होत्या.

पाहुण्यांची नावे मी सांगणार नाही. न झालेल्या सामन्याला पाहुणे नसतात. पण पहिल्या अर्ध्यात ते असे खेळले, की त्यांनी चेंडू मागे न बघता फेकला तरी जाळीत पडे. मध्यंतराला आम्ही नऊ गुणांनी मागे होतो.

"मावशी, तुम्ही हे काय करून बसलात!" गेनो कपाळावर हात मारून म्हणाला. "सगळं त्यांना दिलंत!"

"आता काय करू रे?"

"काय करू म्हणजे? पुन्हा ओता! पण बघून ओता. आपल्या बाकासमोर जा, तिथे फक्त आपलेच पाय पडतात."

मित्रांनो, मला बोलता आले असते तर मी "नको" म्हटले असते. पण भांड्याचे कोण ऐकतो? तिने आमच्या बाकासमोर, मैदानाच्या अगदी कडेला, मला दुसऱ्यांदा ओतले. या खेपेस डोळे उघडे ठेवून. तोवर ऊन उतरले होते आणि त्या कडेवर स्टेडियमची सावली आली होती.

आमचे पाचही जण तिथून पाय देऊन गेले, आणि मला मान्य करावेच लागेल, काम सरळ झाले. स्पासने एकट्याने सतरा गुण केले. एक्केचाळीस विरुद्ध चाळीस, आम्ही एका गुणाने पुढे गेलो. त्यानंतर घड्याळाची तीन मिनिटे चाळीस सेकंद कोणाचाही चेंडू जाळीत गेला नाही. ती तीन मिनिटे चाळीस सेकंद वेलिका मला छातीशी धरून एकच वाक्य म्हणत होती: "लाझार, हात धुऊन घे. लाझार, हात धुऊन घे."

नऊ सेकंद उरले. चेंडू स्पासकडे होता. नुसता धरून ठेवायचा होता. तो सुरक्षित जागा बघत कडेला आला, स्वतःच्या बाकासमोर, आणि सावलीतल्या ओल्या फळीवर त्याचा डावा पाय पाण्यासारखा सरळ गेला. उजवा जागच्या जागी राहिला. गुडघ्याचा आवाज गेनोपर्यंत ऐकू आला. चेंडू घरंगळला, पाहुण्याने उचलला आणि टाकला. बेचाळीस-एक्केचाळीस. शिट्टी.

संध्याकाळी समिती बसली. मला पुरावा म्हणून टेबलावर ठेवले होते, त्यामुळे सगळे माझ्यासमोरच झाले.

दोइचिनोव म्हणाला, "फळी ओली कशानं झाली? पाऊस म्हणावा तर आकाश कोरडं होतं. अंधश्रद्धा म्हणावी तर ती मागच्याच वर्षी संपुष्टात आली, अहवालावर माझीच सही आहे. घातपात म्हणावा तर पहारा आपलाच." त्याने घाम पुसला. "कॉम्रेड्स, सर्वांत सोपं म्हणजे सामना झालाच नाही." ठराव एकमताने मंजूर झाला. परदेशी वर्तमानपत्रांनी निकाल छापला, पण ती आमच्याकडे येत नाहीत.

मग वेलिकाला आत बोलावले.

"सामना झाला नाही," दोइचिनोवने सांगितले. "तुमचा मुलगा जिन्यावरून पडला."

वेलिकाने मला टेबलावर जरा आपल्याकडे सरकवले. मग म्हणाली, "मग आम्ही हरलो नाही."

"नाही. अजिबात नाही."

"मग माझ्या माणसाला सोडा."

"बाई, हरला नाहीत, पण जिंकलाही नाहीत. शब्द जिंकण्याचा होता."

"मग पुन्हा खेळवा."

"जो झालाच नाही तो पुन्हा कसा खेळवणार?"

"मग पहिल्यांदा खेळवा!"

हे ऐकून दोइचिनोवने खरोखर विचार केला. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसले. "स्पासशिवाय जिंकणं अवघड आहे," तो म्हणाला, "आणि स्पासचा तर पाय मोडलाय."

गेनोची बदली एका धरणावर झाली. पाण्याची आवड आहे म्हणून. मला समितीच्या कोठारात पाठवले आणि माझ्या कानाला चिठ्ठी बांधली: "पुरावा, न घडलेल्या घटनेचा." दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी वेलिका मला मागायला कोठाराच्या खिडकीशी येते.

"कसली कळशी?" कारकून विचारतो.

"ती काय, तुमच्या मागे. फळीवर."

कारकून वळून माझ्याकडे नीट बघतो. मग तिला सांगतो, "इथे काही नाही, बाई."

तिच्याच तोंडून मला बाकीचे कळते. स्पास एक पाय ताठ ठेवून शाळांच्या छताचे दिवे बदलतो. गुडघ्याची भरपाई मिळत नाही, कारण जिन्यावरून पडणे ही वैयक्तिक बाब आहे. आणि डिसेंबरच्या सोमवारी ती आली तेव्हा तिच्या हातात लोकरीचे मोजे होते, न वापरलेले. तिने ते खिडकीत ठेवले. "हे परत आले," ती म्हणाली. "तुम्हाला होतात का बघा." कारकुनाला झाले.

मित्रांनो, तुमच्या घरच्या तांब्याच्या भांड्यांना वेळेवर कल्हई करा, आणि पाणी बघून ओता. मला आतून हिरवे चढू लागले आहे. म्हणून पूर्ण हिरवी होण्याआधी एक अर्ज करून ठेवते:

मा. अध्यक्ष, खेळ समिती, यांस. विषय: अंशतः सुटकेबाबत. महोदय, गुरुवारी न झालेल्या सामन्यात आमचा संघ तीन मिनिटे चाळीस सेकंद जिंकत होता. सबब, कै. लाझार, व्यवसाय न्हावी, यांची तेवढ्याच मुदतीपुरती सुटका मागील तारखेपासून मंजूर करावी, आणि ती रविवारी दुपारी, जेवणाच्या वेळी, स्वतःच्या घरी लागू धरावी. ते सावकाश जेवतात, तरी तेवढ्यात भागवतील. मुदत संपताच त्यांना परत नेण्यास अर्जदाराची हरकत नाही. नेणाऱ्यांनी पाय पुसून यावे, ही विनंती.