मोनाच्या ड्रममधली गोधडी

मी गोधडी बोलतेय. गोधडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पलंग येईल, थंडी येईल, झोपलेलं मूल येईल. माझ्या वाट्याला यातलं थोडंच आलं. मी जवळजवळ सगळं आयुष्य एका हेवी मेटल बँडच्या ड्रमच्या पोटात काढलं, आणि देवाशपथ सांगते, मजेत काढलं.

माझा जन्म अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या नोव्हाय गावचा, दोन हजार एकच्या हिवाळ्यातला. सुलभाआजी नागपूरहून आपल्या लेकीकडे, शैलजाकडे, राहायला आल्या होत्या. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि घरातली सगळी आपापल्या कामाला गेलेली. आजींना हात रिकामे ठेवायची सवय नव्हती. त्यांनी शैलजाचं कपाट उघडलं, अमेरिकेत आल्यापासून घडीही न मोडलेल्या सुती साड्या काढल्या आणि मला शिवायला बसल्या. बारीक धावदोरा, तांदळाच्या दाण्याएवढे टाके. परत जाताना त्यांनी मला नातीच्या, मोनाच्या, पलंगावर पसरलं.

मोना तेव्हा शाळेत होती, आणि तळघरात तिचा ड्रमसेट होता. तिचा बाबा श्रीरंग मोटारींच्या कंपनीत इंजिनियर. त्याचं काम काय, तर गाडीतला आवाज मारणं. दार कुठे खडखडतं, काच कुठे गुणगुणते, ते शोधायचं आणि बंद करायचं. दिवसभर आवाजाशी भांडून घरी यावं, तर पायाखाली धडामधडाम! शेवटी एका शनिवारी त्याने पलंगावरून मला उचललं आणि पायाने वाजवायच्या त्या मोठ्या ड्रममध्ये, आतून कातड्याला टेकवून कोंबलं.

"आता वाजव," तो म्हणाला. "ते घुमणं बंद होईल."

घुमणं बंद झालं खरं. पण आवाज कमी व्हायचं सोडून असा घट्ट झाला की फळीवरची लोणच्याची बरणी हलली. "बाबा, धिस इज इट!" मोना किंचाळली. श्रीरंगने कपाळाला हात लावला. आयुष्यभर आवाज मारत आलेला माणूस, आणि त्याच्या हातून हे व्हावं! मला अजून हसू येतं.

आता ग्रेव्हल क्राउनबद्दल सांगते. डेट्रॉइटकडचा हा बँड मोनाच्या जन्माआधीपासून वाजवत होता. एके काळी त्यांच्या कार्यक्रमांना मैदानं भरायची. मग फॅशन बदलली, रेकॉर्ड कंपनीने हात वर केले, निम्मे चाहते संसाराला लागले. ही मंडळी मात्र बारमध्ये, गावोगावच्या जत्रांमध्ये वाजवतच राहिली. गिटारच्या तारा इतक्या सैल, की सूर जमिनीखालून यावा. चाल सावकाश, चढाला लागलेल्या भरल्या ट्रकसारखी. गाणारा डेल घशातून जे काढायचा ते ऐकून शैलजा म्हणायची, "अगं, कुणीतरी त्याला डॉक्टरकडे न्या!"

त्यांच्या ड्रमरचे गुडघे कामातून गेले, तेव्हा मोना चाचणी द्यायला गेली, स्वतःचा ड्रम घेऊन. पोटात मी होतेच. पहिलं गाणं संपताच डेल ड्रमपाशी येऊन वाकला. आत काय आहे, त्याने विचारलं.

"माय ग्रँडमाज क्विल्ट," मोना म्हणाली.

त्याने मला पाहून टोपी काढली. इतकी वर्षं त्यांच्या गिटारींच्या गदारोळात ड्रम बुडून जायचा. आता मोनाचे दोन्ही पाय कितीही भराभर पडोत, प्रत्येक ठोका सुटा ऐकू येई. पुढची रेकॉर्ड आली तेव्हा लोक म्हणाले, म्हातारे पुन्हा तरुण झाले. मग क्लीव्हलँड काय, पिट्सबर्ग काय, मी खूप हिंडले. दर कार्यक्रमाआधी डेल आत डोकावून बघायचा, मी नीट बसलेय ना. पेटीत पडून राहणाऱ्या माझ्या बहिणींना हे भाग्य कुठलं!

मी ड्रममध्ये असते, हे मात्र शैलजाला ठाऊक नव्हतं. मोना वेगळी राहत होती. आईने फोनवर विचारलं, "गोधडी घेतेस ना गं?" की ही म्हणायची, "रोज, आई." श्रीरंग शेजारी पेपरात डोकं खुपसायचा.

दोन हजार आठमध्ये सुलभाआजी गेल्या. शैलजा नागपूरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परत आल्यावर ती मोनाला म्हणाली, "आईची गोधडी मला दे. माझ्या घरात बसून तिने शिवलेलं तेवढंच आहे."

बँडचा पंचवीस वर्षांचा मोठा कार्यक्रम त्याच आठवड्यात होता. मोनाने डेलला सांगितलं, तर तो म्हणाला, घेऊन जा.

नोव्हायच्या स्वयंपाकघरात शैलजाने मला छातीशी धरलं, वास घेतला आणि दचकली. बिअर, घाम, स्टेजवरचा धूर. आजींचा वास कुठेच नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोनाने सगळं सांगून टाकलं.

"माझ्या आईच्या गोधडीला लाथा मारतेस?"

"नो, आई! पाय नाही लागत. पेडल असतं, ते बाहेरून हिट करतं. ही फक्त आतून टेकून असते. ती टेकलेली असली ना, की माझा ठोका नीट पडतो."

"आणि मी कशाला टेकू?" शैलजा म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला.

"सॉरी, आई. तू ठेव. रिअली, तूच ठेव."

श्रीरंग इतका वेळ मला उलटून पालटून बघत होता. तो हळूच म्हणाला, "सगळी कुठे लागते? कातड्याला टेकते ती अर्धीच. बाकीची नुसती जागा अडवते."

शैलजाने डोळे पुसले, उठली आणि कात्री घेऊन आली. माझा जीव गोळा झाला. पण तिने मला सरळ मधोमध कापलं. मग मायलेकी एकेक कड घेऊन टेबलाशी शिवायला बसल्या. दोघींनाही येत नव्हतं. आजींच्या टाक्यांशेजारी त्यांचे टाके म्हणजे नुसते वाकडेतिकडे. पण धागा पक्का बसला, आणि दोघी बऱ्याच महिन्यांनी पोटभर बोलल्या.

कार्यक्रमाला शैलजा कानांत कापूस घालून आली होती. मोनाचा पहिला ठोका पडला आणि तिने कापूस काढला.

तेव्हापासून मी दोन ठिकाणी असते. तुमच्याशी बोलतेय ती कुठली, ते विचारू नका, मलाही नीट सांगता येणार नाही. ज्यांनी शिवलं, कोंबलं, कापलं, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. तुमच्याकडेही कुणाच्या हातची गोधडी घडी करून ठेवलेली असेल. काढा तिला बाहेर. मळेल, फाटेल, पण आम्हाला चालतं.

शैलजा झोपताना माझ्यावर हात ठेवते. मी तिला सांगते, लेक बरी आहे, आज मिलवॉकीत वाजवलं, लोक उभे राहिले होते. तिला ऐकू जातं की नाही, देव जाणे. पण तिला झोप लागते.