धुतलेला मका

खळ्यावर सगळ्यांचा मका एकाच राशीत ओतायचा, ही त्या गावाची जुनी रीत. गाडी एक, भाव एक, आणि कुणाच्या पोत्यात काय होतं ते नंतर कुणाच्या बापाला ओळखता येत नाही.

धाकटा दीर पोतं घेऊन राशीजवळ आला, तशी थोरली वहिनी आडवी आली. तिची म्हैस मरून महिना झाला होता. भरड्याचा मका यानंच दिला होता, "वहिनी, घरचा आहे, निवडायचीही गरज नाही" असं गोड बोलून. गुरांच्या डॉक्टरनं उरलेला दाणा फोडून दाखवला, तर कोंबाशी हिरवी बुरशी. बाकीच्यांनी मका दाताखाली कटकन फुटेपर्यंत वाळवला होता. या शहाण्यानं ओलाच ताडपत्रीखाली दडपला. बुरशी धरल्यावर धुतला, वर तेलाचा हात फिरवून चमकवला. डॉक्टर म्हणाला, बुरशी धुतली जाते, विष नाही. शिजवूनही जात नाही.

तेव्हा थोरली भांडली नाही. घरातल्या भांडणावर सासूबाईंनी पांघरूण घातलं असतं. तिला त्याचं नाक कापायचं होतं, तेही चारचौघांत.

"वहिनी, बाजूला व्हा. गाडी येईल आता."

"ओता की भावोजी. पण आधी घमेलंभर तुमच्या म्हशीला घाला."

"हे काय नवीन खूळ?"

"खूळच समजा. मका चांगला आहे ना?"

"सोन्यासारखा आहे!"

"मग घाबरता कशाला?"

हातातली कामं टाकून सगळे जमले. दीर कसनुसा हसला. लोकांसमोर माघार घेणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. तणतणत त्यानं घमेलं भरलं, खळ्यालगतच्या आपल्या गोठ्यात शिरला आणि गव्हाणीवर वाकला.

"अहो, नको!" त्याची बायको धावत आली आणि तिनं घमेलं हिसकावलं. "गाभण आहे ती!"

जावेनं तोंडावर हात ठेवला, पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

"माझीही गाभणच होती," थोरली म्हणाली.

मग कुणी काही विचारलं नाही. शेजाऱ्यांनी त्याची पोती खड्ड्यात ओढली आणि रॉकेल ओतून पेटवली. तो गयावया करत राहिला. थोरलीला मनापासून बरं वाटलं, आणि तिनं ते लपवलंही नाही.

जाऊ डोळे पुसत जवळ आली. "जाऊबाई, आता तरी मिटलं ना?"

"नाही," थोरली म्हणाली, आणि विझत आलेला जाळ तिनं काठीनं पुन्हा उकरला.